जुना पंखा-फ्रिज-एसी देऊन नवा घेताना वीज कंपनीची सवलत: अनुभव आणि हिशेब

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. मी नाशिकला राहते, वीज महावितरणची. माझी नणंद मुंबईत असते. तिच्या वीज कंपनीच्या योजनेत घरातले जुने पंखे उचलून नेले आणि पाच स्टारचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे दुकानातल्या भावापेक्षा बरेच स्वस्तात बसवून दिले. बिलावरचा ग्राहक क्रमांक आणि जुना पंखा, एवढंच लागलं. ऐकून आनंद झाला आणि थोडा रागही आला. वीज वाचवायची म्हणून आम्हालाही तितकंच कळकळीनं सांगितलं जातं, मग ही सवलत आम्हाला का नाही?

विचारायचं ते असं. अशी सवलत तुमच्यापैकी कोणी घेतली आहे का, आणि बिलात खरोखर फरक पडतो का? कंपनी हे पैसे आणते कुठून? आणि सवलत नसेल तर पदरचे पैसे घालून हे बदल करणं परवडतं का? आमच्याकडे तीन साधे पंखे, एक बराच जुना फ्रिज आणि गिझर आहे. परदेशात पाणीपुरवठा खातंही वॉशिंग मशीन आणि कमोडवर पैसे परत देतं असं ऐकलंय. तिकडच्यांनी त्याबद्दलही लिहावं.

माझं मत आधीच सांगते: सवलत वीज कंपनीनंच द्यायला हवी, आणि ती मुंबईपुरती राहू नये.

---

टिपरी

मुंबईतून हात वर! टाटा पॉवर आणि अदानी इलेक्ट्रिसिटी, दोघांच्याही अशा योजना येत-जात असतात. जुनं द्या, पाच स्टारचं सवलतीत घ्या. दिल्लीत बीएसईएस या वीज कंपनीची एसी बदलण्याची योजना आहे, तिथे छापील किमतीवर साठ टक्क्यांपर्यंत सूट असते म्हणे. पण छापील किंमत आणि दुकानातली किंमत यांत फरक असतो, हे विसरू नका. दुकानात नेमक्या त्याच मॉडेलचा भाव विचारा आणि मगच किती वाचले ते ठरवा.

---

वायरमन_काका

पंख्याचा हिशेब सोपा आहे. साधा पंखा पूर्ण वेगावर ७५ वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी ३० च्या आसपास. म्हणजे ४५ वॅट वाचले. रोज बारा तास आणि वर्षाचे तीनशे दिवस धरा, १६२ युनिट होतात. युनिटला दहा रुपये धरले तर एका पंख्यामागे वर्षाला सोळाशे. दोन वर्षांत पंखा स्वतःची किंमत फेडतो, सवलत असो वा नसो.

आता दोन गोष्टी नीट ऐका. पहिली, इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लावून साधा पंखा दोनवर चालवत असाल तर तो मुळातच कमी वीज घेतो, त्यामुळे बचत एवढी दिसणार नाही. दुसरी, बीएलडीसी पंखा जुन्या रेग्युलेटरवर चालवू नका. रेग्युलेटर काढून सरळ बटणावर जोडून घ्या. रेग्युलेटर तसाच ठेवून पंख्याच्या नावानं बोटं मोडणारी पुष्कळ घरं मी बघतो.

---

मंजिरी_क

काका, हिशेब पटला. पण रिमोटचं काय? आमच्या आजेसासूबाईंना रात्री उठून पंखा कमी करायचा असतो आणि रिमोट सापडत नाही. त्यांच्या खोलीत आम्ही जुनाच पंखा ठेवलाय.

---

वायरमन_काका

मंजिरीताई, भिंतीवर फिरवायच्या बटणाचे बीएलडीसीही मिळतात. काही मॉडेलांत बटण चालू-बंद केलं की वेग बदलतो. घेताना विचारून घ्या.

---

तुषार७८

आमच्या गावी, जिल्हा परभणी, बीएलडीसीचा खरा फायदा वीज गेल्यावर कळतो. इन्व्हर्टरची बॅटरी तीच, पण पंखे दुपटीनं जास्त वेळ चालतात. बिलातल्या बचतीपेक्षा ते सुख मोठं आहे.

---

दादर_पश्चिम

मला या योजनाच पटत नाहीत. कंपनी पैसे स्वतःच्या खिशातून देत नाही. तो खर्च वीज नियामक आयोगापुढे मांडते आणि सगळ्यांच्या वीजदरात वसूल होतो. ज्याच्या घरी एसीच नाही त्यानं दुसऱ्याच्या पाच स्टार एसीसाठी का भरायचं? मोठ्या फ्लॅटवाल्यांची सोय आहे ही.

---

मीटर_वाचक

दादर_पश्चिम, खर्च दरातून वसूल होतो हे तुमचं बरोबर आहे. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचे मागणी व्यवस्थापनाबाबतचे, म्हणजे विजेची मागणी आटोक्यात ठेवण्याबाबतचे, विनियम आहेत, त्यात वितरण कंपनीनं असे कार्यक्रम आखायचे आणि त्यांचा खर्च मंजूर करून घ्यायचा अशी सोय आहे. पण प्रश्न तिथेच संपत नाही.

संध्याकाळी सात ते अकरा सगळ्या शहराची मागणी एकदम वर जाते. त्या तासांसाठी कंपनीला महाग वीज विकत घ्यावी लागते, आणि त्याच तासांच्या हिशेबानं तारा, रोहित्रं, उपकेंद्रं मोठी करावी लागतात. तो खर्चही आपल्याच दरात येतो. तुमच्या शेजाऱ्याचा एसी त्या तासात कमी वीज खेचत असेल तर एसी नसलेल्याचाही दर कमी वाढतो. म्हणून बघायचं ते हे की वाचवलेलं युनिट विकत घेतलेल्या युनिटपेक्षा स्वस्त पडलं का. योजना नीट आखली तर पडतं. ढिसाळ आखली, म्हणजे जुना एसी परत न घेताच सूट दिली, तर दादर_पश्चिम म्हणतात तसंच होतं.

दुसरी अडचण अशी की वीज विकून कमावणारी कंपनी कमी वीज विकायला का तयार होईल? कॅलिफोर्नियानं १९८२ मध्येच यावर तोडगा काढला. तिथे कंपनीचं मंजूर उत्पन्न विकलेल्या युनिटांपासून वेगळं केलं. खप कमी झाला म्हणून कंपनी बुडत नाही, त्यामुळे ती मोकळ्या मनानं सवलत देते.

---

आबा

महावितरणकडे काहीच झालं नाही असं नाही हो, गोदाकाठ. तुमच्याच नाशिकला वीस वर्षांमागे सीएफएल दिव्यांची योजना झाली होती, दिव्याचे पैसे बिलातून हप्त्यानं. पुढे २००९ मध्ये केंद्राची बचत लॅम्प योजना आली, जुना पिवळा बल्ब आणि पंधरा रुपये द्या, सीएफएल घ्या. मग ५ जानेवारी २०१५ ला स्वस्त एलईडी दिव्यांची उजाला योजना सुरू झाली. वीजबिल दाखवून एलईडी घ्यायला लागलेल्या रांगा अनेकांना आठवत असतील.

उजालात सरकारी अनुदान नव्हतं, हे लक्षात घ्या. ईईएसएल या सरकारी ऊर्जाबचत कंपनीनं एकगठ्ठा खरेदी केली. २०१४ मध्ये तिला एक बल्ब ३१० रुपयांना पडत होता, २०१६ मध्ये तोच ३८ ला पडू लागला. छत्तीस कोटींवर बल्ब वाटले गेले. बाजारातला भावही उतरला, त्यामुळे ज्यांनी योजनेतून घेतला नाही त्यांनाही स्वस्त मिळाला. दादर_पश्चिम यांच्या आक्षेपाला हे माझं उत्तर आहे.

शेतीतही झालंय. सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याकडे शेतकऱ्यांचे दोन हजारांवर जुने पंप काढून कमी वीज खाणारे पंप फुकट बसवून दिले होते. देशातला तसला तो पहिला प्रयोग होता.

---

गोदाकाठ

आबा, नाशिकची योजना माहीतच नव्हती. धन्यवाद! बिलातून हप्ता कापणं ही पद्धत मला फार आवडली. एकरकमी पैसे काढणं हीच तर अडचण असते.

---

सॅनहोजेकर

कॅलिफोर्नियाच्या बे एरियातून लिहितोय. इथे सवलतीचे इतके थर आहेत की एका गिझरसाठी मी आठवडाभर कागद वाचले. शहराची वीज संस्था वेगळी, पाणीपुरवठा करणारी स्थानिक संस्था वेगळी, राज्याची योजना वेगळी, वर केंद्राची करसवलत. हीट पंपाचा गिझर घेतला. तो हवेतली उष्णता ओढून पाणी तापवतो, त्यामुळे साध्या इलेक्ट्रिक गिझरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास वीज लागते. केंद्राची करसवलत खर्चाच्या ३० टक्के, कमाल २००० डॉलर होती. जुलै २०२५ च्या कायद्यानं ती ३१ डिसेंबर २०२५ ला बंद झाली. कमी उत्पन्नाच्या घरांसाठी याच गिझरवर १७५० डॉलरपर्यंतची वेगळी योजना आहे, पण ती राज्याराज्यांतून चालते आणि निधी संपला की थांबते.

तिकडच्या मराठी मंडळींना कळकळीनं सांगतो: खरेदी करण्याआधी अटी वाचा. माझ्या पहिल्या अर्जात पावतीवरचा मॉडेल क्रमांक यादीतल्या क्रमांकाशी एका शेवटच्या अक्षरानं जुळत नव्हता. ते अक्षर फक्त रंगाचं होतं, पण अर्ज परत आला. दुकानदाराकडून दुरुस्त पावती आणि यंत्रावरच्या पट्टीचा फोटो पाठवला तेव्हा कुठे पैसे आले.

पाण्याबद्दल. हिरवळ काढून कमी पाण्याची झाडं लावली तर चौरस फुटाप्रमाणे पैसे मिळतात. मात्र आधी अर्ज आणि मंजुरी, मग कुदळ. आमच्या शेजाऱ्यांनी उत्साहात लॉन आधीच उपटलं आणि एक डॉलरही मिळाला नाही.

---

मंजिरी_क

कमोडवर पैसे मिळतात हे खरं का?

---

सॅनहोजेकर

अगदी खरं. सगळ्यांत मोठं उदाहरण न्यूयॉर्कचं. १९९४ ते १९९७ मध्ये शहरानं जुने कमोड बदलायला पहिल्या कमोडमागे २४० डॉलरपर्यंत दिले. तेरा लाखांवर कमोड बदलले गेले. जुना एका वेळेला वीस लिटरच्या आसपास पाणी टाकायचा, नवा सहा लिटर. नवीन जलस्रोत आणि सांडपाणी केंद्रं उभारण्यापेक्षा लोकांच्या घरातले कमोड बदलणं शहराला स्वस्त पडलं. मीटर_वाचक विजेबद्दल जे म्हणाले तेच हे.

आता इथल्या वॉटरसेन्स या पाणीबचतीच्या शिक्क्याचे कमोड ४.८ लिटरवर आलेत.

---

यारा_किनारी

मेलबर्नहून. इथे मोठा दुष्काळ पडला होता त्या वर्षांत पाणी कंपन्यांनी शॉवर बदलून दिले. जुना शॉवर पिशवीत घालून काउंटरवर न्यायचा, नवा कमी पाण्याचा फुकट घेऊन यायचा. फॉर्म जवळजवळ नाहीच. त्याच काळात दर माणशी दिवसाला १५५ लिटरची हाक होती, आणि लोकांनी ती मनावर घेतली. नळ, शॉवर, वॉशिंग मशीन सगळ्यांवर पाण्याचे तारे असतात, विजेच्या ताऱ्यांसारखेच.

विजेच्या बाजूला आमच्या व्हिक्टोरिया राज्यात सवलत बसवणाऱ्या कंपनीमार्फत किमतीतूनच वजा होते. ग्राहकाला सोपं, पण त्यामुळे फोन करून आणि दारावर येऊन गळ घालणारे इतके वाढले की २०२४ मध्ये सरकारनं या योजनेखाली फोनवरून आणि दारोदारी विक्री करायलाच बंदी घातली. भारतात अशी योजना आणताना हे ध्यानात ठेवावं.

---

चिमणराव_पुणे

पाण्याबद्दल बोलताय तर पुण्याची गोष्ट. आपल्याकडे पाणी वाचवणारं मशीन घेतलं म्हणून महापालिका पैसे देत नाही. सौर यंत्रणा, गांडूळखत, पर्जन्यजलसंचय यांपैकी एक असेल तर मिळकतकरात सर्वसाधारण करावर ५ टक्के, दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के सूट आहे. पण घराघरात पाण्याचं बिल मीटरप्रमाणे येत नसेल तर नळ बदलून माझ्या खिशात काय पडणार?

आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर लागतात आणि त्यांचं बिल सगळ्यांत वाटलं जातं. म्हणून समितीनंच पुढाकार घेतला. एक लिटरचं माप आणि मोबाइलवरचं घड्याळ घेऊन दोन सभासद घरोघर फिरले. ओट्यावरचा नळ पूर्ण सोडला की माप पाच सेकंदांत भरायचं, म्हणजे मिनिटाला बारा लिटर. नळाच्या तोंडाला एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारी जाळी, बसवला, तेच माप वीस सेकंदांत भरलं, मिनिटाला तीन लिटर. भांडी तितकीच स्वच्छ निघतात. समितीनं घाऊक खरेदी करून प्रत्येक घराला वॉशबेसिन आणि ओट्यासाठी फुकट दिले. टँकरचे पैसे वाचले त्यातून खर्च निघाला.

---

तुषार७८

बादली भरायच्या नळाला मात्र लावू नका. बादली तेवढीच भरायची असते, नुसता वेळ जातो.

---

चिमणराव_पुणे

बरोबर, म्हणून फक्त बेसिन आणि ओटा. बोअरच्या जड पाण्यानं जाळी क्षारांनी बुजते. काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा, मोकळी होते. बंगळुरूत २०२४ च्या टंचाईत तिथल्या पाणी मंडळानं एरेटर सक्तीचे केले, दंडासकट. सक्ती करताना लोकांना ते फुकट किंवा स्वस्त दिले असते तर जास्त बरं झालं असतं, असं मला वाटतं.

---

स्वयंपाकघर_सखी

मला जुन्या वस्तूंबद्दल बोलायचंय. आम्ही फ्रिज बदलला तेव्हा जुना आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना दिला. त्यांच्या घरी पहिला फ्रिज आला, उन्हाळ्यात दूध टिकू लागलं. आता योजनेत जुना फ्रिज मोडीतच काढायचा म्हणतात. चालता फ्रिज मोडायचा, हे मनाला पटत नाही.

---

मीटर_वाचक

सखी, तुमचा हेतू चांगला आहे. पण मावशींच्या बाजूनं हिशेब करा. खूप जुना, दाराचं रबर (गॅस्केट) सैल झालेला फ्रिज नव्याच्या दुप्पट वीज सहज खातो, आणि ते बिल त्या भरतात. शंभर युनिटांच्या आत असलेलं घर त्या फ्रिजमुळे शंभराच्या वर गेलं की वरच्या युनिटांना पुढच्या टप्प्याचा दर लागतो. वीज कंपनीच्या दृष्टीनं तर एकाऐवजी दोन फ्रिज चालू झाले. अमेरिकेत जुना फ्रिज गॅरेजमध्ये सरबतांसाठी चालू ठेवतात, म्हणून तिथल्या कंपन्या तो घरून उचलून नेण्याचे पैसे देतात.

---

स्वयंपाकघर_सखी

मग सवलत मावशींनाच आधी द्या ना! त्यांनी जुना पंखा-फ्रिज दिला तर त्यांना सगळ्यांत जास्त सूट. ज्याचं बिल कमी त्याला सूट जास्त. आणि भाड्यानं राहणाऱ्यांनाही मिळाली पाहिजे, बिल मालकाच्या नावावर असलं तरी.

---

दादर_पश्चिम

सखीताई, या अटीवर माझा विरोध मागे. ही योजना मी उचलून धरेन.

---

गोदाकाठ

चर्चा फार सुंदर चाललीय. पण माझा जुना फ्रिज किती खातो हे घरच्या घरी कळेल का?

---

वायरमन_काका

कळतं. घरातलं सगळं बंद करून फक्त फ्रिज चालू ठेवा आणि मीटरचं रीडिंग लिहा. चार-सहा तासांनी परत लिहा. कुठे जाणार असाल तर तो दिवस यासाठी उत्तम.

पंख्यासाठी आणखी सोपं. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो, शेजारी एका युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं. समजा ३२०० छापलंय. फक्त एक पंखा चालू ठेवा. साधा ७५ वॅटचा असेल तर मिनिटाला चार वेळा लुकलुकेल. तीस वॅटचा असेल तर पाच मिनिटांत आठच वेळा. ग्राहकाला मी हे दाखवतो तेव्हा बाकी काही समजवावं लागत नाही.

---

टिपरी

ताऱ्यांबद्दल तीन गोष्टी राहिल्यात.

स्टार लेबलवर कालावधी छापलेला असतो, तो वाचा. जुलै २०२२ मध्ये एसीचे निकष कडक झाले तेव्हा आदल्या दिवशीचा पाच स्टार चार स्टारचा झाला. एसीचे निकष ठरावीक काळानं असे बदलतात. दुकानात जुना माल पाच स्टार म्हणून पुढे करतात.

एसीच्या लेबलवरची वर्षाची युनिट १६०० तास धरून काढलेली असतात. मुंबईत तेवढा वापर होईल, नाशिकला एप्रिल-मेमध्ये रात्री लावणाऱ्याचा होणार नाही. पाचशे तासच लावत असाल तर बचत तिसऱ्या हिश्श्यावर येते. मग तीन स्टार घेऊन उरलेल्या पैशांत पंखे बदललेले बरे.

गिझरचे तारे फक्त साठवलेलं पाणी गार होताना वाया जाणाऱ्या उष्णतेवर असतात. सकाळी अर्धा तास लावून बंद करणाऱ्या घरात पाच स्टारनं फारसं काही वाचत नाही.

---

आबा

गिझरला सौर पाणी तापकाचा पर्याय आहे. त्यावरचं केंद्राचं अनुदान २०१४ मध्येच बंद झालं. आता अनुदान छतावरच्या सौर विजेला आहे, पीएम सूर्यघरमध्ये एक किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा जास्तला ७८,०००. पण सौर बसवायच्या आधी पंखे-फ्रिज बदला. खप कमी झाला की लहान यंत्रणेत भागतं.

---

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. आमच्यापुरतं ठरलं. तीन पंखे आत्ताच बदलते, पूर्ण किमतीत. फ्रिजचं रीडिंग घेऊन मग ठरवेन. गिझरला हात लावत नाही.

पण मूळ मुद्दा सोडत नाही. महावितरणच्या पुढच्या दरप्रस्तावावर आयोग हरकती-सूचना मागवेल आणि जनसुनावणी घेईल, तेव्हा मला लेखी सूचना द्यायची आहे: जुना पंखा आणि फ्रिज परत घेऊन सवलत, उरलेली रक्कम बिलातून हप्त्यानं, कमी युनिटवाल्यांना जास्त सूट, भाडेकरूंनाही हक्क. मीटर_वाचक, आयोगाच्या त्या विनियमांचा आधार नेमका कसा घ्यायचा ते सांगाल का?

---

मीटर_वाचक

आनंदानं. हे विनियम मुंबईतल्या कंपन्यांपुरते नाहीत, राज्यातल्या सगळ्या वितरण परवानाधारकांना लागू आहेत, हे पहिल्याच परिच्छेदात घ्या. मसुदा मराठीतच करा. पंख्याचा १६२ युनिटांचा हिशेब घाला आणि नाशिकच्या सीएफएल योजनेचा उल्लेख जरूर करा. कच्चा मसुदा इथेच टाका, आपण सगळे वाचू.

---

स्वयंपाकघर_सखी

आणि जनसुनावणीची तारीख कळली की ती पण इथे टाका. मी मावशींना घेऊन येते.